बोलावणं आलं नाही

शेट्यांच्या घरातून रडण्याचा आवाज आला तेव्हा मी आरशासमोर उभा राहून टाय बांधत होतो. पुढच्या खोलीत आमचं शिलाईचं दुकान. तिथलं मशिन थांबलं.

"मुकुंदा गेला," आण्णा म्हणाले.

मुकुंदराव शेटे म्हणजे आमच्यापासून चार घरांवर राहणारे आण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त. दिवाळीपासून अंथरुणावर होते. आण्णांनी चष्मा काढला, सदरा खुंटीला अडकवला, जुना पंचा नेसला आणि कापड बेतायच्या टेबलाखालून तिरडीच्या सुंभाची गुंडाळी काढली. टॉवेल खांद्यावर टाकून ते दुकानाच्या पायरीवर आले आणि बसले.

बसलेच.

"आण्णा, घोटभर चहा टाकू?" माझ्या बायकोनं, वैजयंतानं, आतून विचारलं.

"आत्ता नको गं. नदीवरून आल्यावर."

मी टायची गाठ वर सरकवत बाहेर आलो. "बसलात का? जा की."

"येईल कुणीतरी बोलवायला."

मला हे विचित्र वाटलं. लग्नाला बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि मयताला बोलावण्याची वाट बघू नये, हे मला त्यांनीच शिकवलेलं. आमच्या कराडच्या पेठेत कुणाच्याही घरात माणूस गेलं की आधी डॉक्टरला फोन आणि मग भानुआण्णा पिसेला हाक, हा शिरस्ता. तिरडी बांधायची तर आण्णांनीच. बांबू कुठून आणायचे, कामट्या किती अंतरावर टाकायच्या, कडबा किती पसरायचा, सगळं त्यांच्या हातात बसलेलं. वर घालायचं पांढरं कापडही आमच्याच दुकानातलं. घरातली माणसं रडत असायची, पाहुणे एकमेकांची तोंडं बघत असायचे, आणि आण्णा खाली मान घालून गाठी मारत असायचे. पेठेत मोठमोठी माणसं होती, नगरसेवक होते, दोन डॉक्टर होते. पण त्या एका घटकेला आण्णांच्या शब्दावर सगळे चालायचे. शिंप्याच्या वाट्याला एवढा मान दुसऱ्या कशानं आला नसता.

आणि खरं सांगतो, त्या सकाळी मला मुकुंदरावांच्या जाण्याचं दुःख कमी आणि चिडचिड जास्त झाली. नेमकं आजच जायचं होतं! साताऱ्याला आमच्या कंपनीत माझा सत्कार होता. फडतरे साहेबांनी मुद्दाम सांगितलेलं, "पिसे, वडिलांनाही आणा. त्यांनाही स्टेजवर बसवू." आण्णांनी पांढरा सदरा आदल्या दिवशीच इस्त्री करून ठेवला होता. आता ते येणार नाहीत, हे उघड होतं.

मी आर्थिक नियोजनकार झालो त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्याआधी मी टायपिंग शिकवायचो. कॉम्प्युटर आले, पोरं येईनाशी झाली, मालकानं मशिनं भंगारात घातली आणि मी घरी बसलो. तेवढ्यात पेपरात जाहिरात आली. 'आर्थिक नियोजन क्षेत्रात करिअर करा. अनुभवाची अट नाही.' मला ते शेवटचं वाक्य फार आवडलं. अनुभव नसणे या विषयात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

पुण्यात एका हॉटेलात प्रशिक्षण झालं. शिकवणारा माणूस माझ्याहून धाकटा, पण बोलणं असं की समोरच्यानं खिशात हात घालावाच. "आपण योजना विकत नाही, आपण लोकांना त्यांचा उद्याचा दिवस दाखवतो," तो म्हणाला. आम्ही ते लिहून घेतलं. योजनांची नावं मी टायपिंगच्या धड्यासारखी घोकली. अर्थ कळला नाही तरी बोटं चालतात, तशी जीभ चालायला लागली. शेवटी तो म्हणाला, "सुरुवात ओळखीच्यांपासून करा. नातेवाईक, शेजारी, वडिलांचे मित्र." तिथं मी मनाशी ठरवलं की हे आपल्याकडून होणार नाही. आमच्या घरात कुणी कुणाच्या दारात मागायला गेलेलं नाही. मी माझ्या जिवावर माणसं मिळवीन. घरात मी सहा महिन्यांची मुदत मागून घेतली. नाही जमलं तर वैजयंताच्या मामांच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलायला जायचं, असं ठरलेलं.

पहिले दोन महिने हात हलवत परत आलो. मग अचानक काय झालं कुणास ठाऊक, गंगा वाहायला लागली. पहिल्या डुबलकाकू. पाठीमागच्या गल्लीत राहायच्या, नवरा जाऊन तीन-चार वर्षं झालेली. रस्त्यात भेटल्या आणि आपणहून म्हणाल्या, "मुरली, तू काय ते पैशाचं करतोस म्हणे. ये एकदा." मी गेलो, रंगीत तक्ते दाखवले, त्यांनी सही केली. मग बर्ग्यांचा मुलगा, मग पवार मास्तरांच्या मिसेस, मग आणखी कुणी कुणी. मी दार वाजवायचा अवकाश, माणसं चहा ठेवायची आणि पेन मागायची.

मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. साताऱ्याला साहेब इतरांना माझं उदाहरण द्यायला लागले. घरी जेवताना मी भाषणं ठोकू लागलो. एकदा आण्णांनाच म्हणालो, "तुम्ही आयुष्यभर कापड कापलंत आण्णा, पण मागायला जमलं नाही. अहो, बोलणाऱ्याची माती खपते. मागायला जीभ लागते."

आण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "खरं आहे बाबा."

तर त्या दिवशी ते पायरीवर बसून होते. शेट्यांच्या दारात माणसं जमायला लागली. आमच्या दारावरून दोघं-तिघं गेले. आण्णांकडे बघून त्यांनी मान खाली घातली आणि पावलं उचलली. एक छोटा टेम्पो आला, त्यात बांबू होते. आण्णांनी ते बघितलं. सुंभाची गुंडाळी त्यांनी मांडीवरून उचलून पायरीवर ठेवली.

"मी बघून येतो," मी म्हणालो. "गडबडीत विसरले असतील."

"मुरली, तू जाऊ नकोस."

"का?"

"उगाच. तुला उशीर होईल."

पण मी निघालो. साताऱ्याची गाडी धरायचीच होती, म्हणून बॅगही खांद्याला लावली. टाय, पॉलिश केलेले बूट, बॅग अशा थाटात मी मयताच्या घरात शिरलो. दारातल्या बायकांनी माझ्याकडे बघितलं आणि मग सगळ्यांनी मिळून माझ्या बॅगेकडे बघितलं. मला वाटलं, सत्काराची बातमी पेठेत पोचलेली दिसते.

अंगणात मुकुंदरावांचा एक पाहुणा निळी नायलॉनची दोरी घेऊन बांबूशी झटापट करत होता. कामटी एकीकडून बांधली की दुसरीकडून निसटत होती. मुकुंदरावांचा मुलगा अविनाश ओट्यावर बसला होता. आम्ही एका वर्गात होतो. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अव्या, आण्णांना सांगितलं नाहीस? ते तयार होऊन बसलेत."

तो जमिनीकडे बघत राहिला. "असू दे मुरली. पाहुणे बांधतायत."

"अरे, पण त्याला येत नाहीये. बघ की, दोर सुटतोय."

"मुरली, आत्ता नको. हात जोडतो."

मी काही बोलणार तेवढ्यात माझी बाही कुणीतरी ओढली. डुबलकाकू होत्या. त्यांनी मला बोळात नेलं, जिथं शेट्यांचा पाण्याचा बंब होता, आणि पदर तोंडाला लावून हळू आवाजात म्हणाल्या, "तुला काय अक्कल हाय का न्हाई? ती बॅग घिऊन कशाला आलास?"

"काकू, मला साताऱ्याला..."

"माणसं काय म्हणत्यात ठाव हाय? आधी बाप येतो गाठी मारायला, आणि दहावा झाला की पोरगं येतंय सह्या घ्यायला."

मला आधी कळलंच नाही. "कोण म्हणतंय? मी काय कुणावर जबरदस्ती केली? तुम्हीच मला बोलावलंत."

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवलं तरी मान वर होत नाही. त्यात राग नव्हता. कीव होती.

"तुझ्या बापानं न्हाई सांगितलं तुला?"

"काय?"

"आमचं मालक गेलं तवा पाऊस लागला होता. तुझ्या बापानं भिजत समदं केलं. मी पुढं चार डाव बोलावलं, आण्णा, घोटभर च्या तरी घ्या. न्हाई आला. म्हणायचा, वैनी, या कामाचा च्या घेतला तर ती मजुरी झाली. पेठेत एका बी घरचा घेतला नव्हता त्यानं. आणि मागच्या साली एक दिस आपणहून आला. खुर्चीवर बसला. म्हणाला, वैनी, च्या करा. मी घाबरलेच. च्या प्याला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, माझा पोरगा कायतरी नवीन करतोय. त्याला तुम्ही हाक मारा. आणि त्याला न्हाई म्हणू नका."

बंबात कुणीतरी नुकताच जाळ केला होता, पाणी तापवायला. धूर डोळ्यांत जात होता. मी तिथून हललो नाही.

"आता सांग, त्याला न्हाई कसं म्हणायचं? तू आलास, चित्रं दावलीस, मी सही केली. मला काय कळतंय त्यातलं? डोळ्याचं आपरेशन करायचं ठेवलेलं पैसं व्हतं ते. आता म्हणत्यात, मुदतीआधी काढलं तर तोटा हाय. म्हणून ऱ्हायलंय."

"काकू, मला सांगायचं होतंत."

"तुला कसं सांगू? तुझ्या बापाला वाईट वाटंल." त्यांनी नाक पुसलं. "एकट्या माझ्याकडं न्हाई आला त्यो. जिथं जिथं त्यानं खांदा दिला, तिथं तिथं च्या पिऊन आला. माणसं सह्या करून बसली, पण मन कडू झालं रं. आज अव्याची आई काय म्हणाली, ऐक. भानुला बोलवू नका, म्हणाली. आपल्याकडं त्याच्या पोराला द्यायला काय न्हाई."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते मला त्या बोळात कळलं. एक-एक घर डोळ्यांसमोर आलं. प्रत्येक घरात हारातला फोटो होता. मी त्या फोटोखाली बसून माझे तक्ते उघडले होते, आणि माणसांनी माझं बोलणं पुरतं ऐकूनही न घेता पेन मागितलं होतं, आणि मी बाहेर पडून स्वतःच्या जिभेला शाबासकी दिली होती. आयत्या बिळावर नागोबा असतो, त्याला निदान ठाऊक तरी असतं की बीळ आपण खणलेलं नाही. मी बॅग पोटाशी धरली आणि मागच्या दारानं बाहेर पडलो. पुढच्या अंगणातून जायची माझी छाती झाली नाही.

आण्णा पायरीवरच होते. माझा चेहरा बघून त्यांनी ओळखलं असणार. ते उठून आत दुकानात गेले. मी मागोमाग गेलो.

"तुम्ही डुबलकाकूंकडे गेला होतात?"

त्यांनी टेबलावरचा खडू उचलला, ठेवला. "कोण म्हणालं?"

"त्याच म्हणाल्या. आणखी कुणाकुणाकडे गेलात?"

"आता काय करायचंय ते विचारून."

"मी सांगितलं होतं का तुम्हाला? मी माझ्या जिवावर करणार होतो! तुम्ही मला साऱ्या पेठेत..." माझा आवाज चढला होता. आत वैजयंता भांडी घासायची थांबली. "का केलंत असं?"

आण्णांनी टेबलावरची कात्री मिटवून ठेवली. मग म्हणाले, "पहिले दोन महिने तू संध्याकाळी घरी यायचास. वैजूला सांगायचास, आज तिघं भेटले, चांगलं बोलणं झालं, उद्या परत बोलावलंय."

"मग?"

"बर्ग्यांच्या मयताला मी नदीवर आलो, तेव्हा तू घाटावर बसला होतास. टाय लावून. बॅग मांडीवर. मला वाटलं, असेल, दमला असेल. पुढच्या आठवड्यात दुसरं मयत घेऊन आलो. तू तिथंच. त्याच पायरीवर. चणे खात होतास."

मी खाली बघितलं. ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. बायकोलाही नाही. सकाळी मोठ्या रुबाबात निघायचो, एक-दोन अनोळखी दारं वाजवायचो, हाकलून दिलं की घाटावर जाऊन बसायचो आणि संध्याकाळी घरी येऊन थापा मारायचो. मला वाटायचं, नदीवर आपल्याला कोण बघणार! ज्या माणसाचं निम्मं आयुष्य त्या घाटावर चाललेलं, तो माझ्या ध्यानातही आला नव्हता.

"तू घरी येऊन हसत सांगायचास ना," आण्णा म्हणाले, "ते मला बघवेना."

"म्हणून चहा प्यायलात?"

"माझ्याकडं दुसरं काय होतं? दुकानात काय उरलंय, तुला माहीत आहे. हे एवढंच होतं साठवलेलं."

"आणि आज बोलावलं नाही."

"आजच नाही. जगतापांची म्हातारी गेली तेव्हाच. मी गेलो होतो. दारातच म्हणाले, आण्णा, तुम्ही कशाला त्रास घेता. परत आलो. म्हटलं, ती माणसं बाहेरची, त्यांचं काय एवढं. पण मुकुंदा..." ते थांबले. त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं, उगाचच, घाम नव्हता. "मुकुंदाच्या घरचे बोलावतील असं वाटलं होतं."

मी टाय सोडायला लागलो. "मी साताऱ्याला जात नाही. आत्ता शेट्यांकडे जाऊन सगळ्यांसमोर सांगतो की तुमची चूक नाही."

"मयताच्या घरात तुझा हिशेब सांगणार?" आण्णा पहिल्यांदाच चिडले. "त्यांचा माणूस गेलाय. गाठ घाल ती परत."

"आण्णा..."

"एवढं देऊन मिळवलंय तुझं हे काम. तेही टाकून दिलंस तर मी कशाला प्यायलो चहा? जा. गाडी चुकेल."

मी गेलो. त्यांनी सांगितलं म्हणून गेलो असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण खरं कारण असं की पेठेत थांबायची मला लाज वाटत होती. साताऱ्यात मला कुणी ओळखत नव्हतं.

हॉलमध्ये फुलांचे गुच्छ होते, मागे मोठा फलक होता. माझी पाळी आली. शाल, श्रीफळ झालं. फडतरे साहेबांनी माईक माझ्या तोंडापुढे धरला आणि समोर बसलेल्या नव्या पोरांकडे हात करून म्हणाले, "पिसे, या सगळ्यांना सांगा. या क्षेत्राचा काडीचा अनुभव नसताना, इतक्या थोड्या दिवसांत इतक्या घरांचा विश्वास कसा मिळवलात?"

मी गाडीत ठरवून आलो होतो की दोन शब्द बोलून खाली उतरायचं. पण माझ्या तोंडून निघालं, "वडिलांची पुण्याई."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"नाही, तसं नाही," मी माईकमध्ये म्हणालो. "मी खरंच सांगतोय. माझं यात काहीच नाही. मला काहीही येत नव्हतं. सगळं माझ्या वडिलांचं होतं, ते मी..."

"बघा!" साहेबांनी माईक काढून घेतला. "याला म्हणतात नम्रता. हे शिका!" पोरं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं हे वहीत लिहून घेतलं. मी शाल सावरत उभा राहिलो.

डुबलकाकूंचे पैसे मी पुढं मुदतीआधी सोडवले आणि तोटा माझ्या कमिशनमधून भरला. त्यांचा डोळा बरा झाला. पेठेतल्या इतरांच्या दारातही जाऊन आलो. ज्यांना नको होतं त्यांना मोकळं केलं. त्यानंतर पेठेतलं एकही नवं घर मी घेतलं नाही. पण हे सगळं मागाहूनचं. त्यानं माणसांच्या मनातलं गेलं नाही, आणि आण्णांना हाकही आली नाही.

त्या संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा आण्णा आंघोळ करून दिव्याखाली बसले होते, सुईत दोरा ओवत.

"गेला होतात नदीवर?" मी विचारलं.

"गेलो की. सगळ्यांच्या मागं."

"नीट झालं सगळं?"

"वाटेत दोनदा खाली ठेवावं लागलं. दोर सैल पडत होता."

"मग तुम्ही..."

"मला कुणी विचारलं नाही."

त्यांनी माझ्या खांद्यावरची शाल हातात घेतली, शिंप्याच्या सवयीनं तिचा पोत अंगठ्यानं चाचपला, घडी घालून बाजूला ठेवली.

"काय बोललास तिथं?"

मला खोटं सांगता आलं असतं. घाटावरचे दिवस असते तर सांगितलंही असतं.

"वडिलांची पुण्याई, म्हणालो."

आण्णांनी सुई दिव्याकडे धरली. दोरा तिच्या नेढ्यातून ओढून घेतला.

"होती खरी," ते म्हणाले.